भात थंडा होऊन राह्यला

आई गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना व्हायच्या आधीच अख्खा मांडव उठून जेवायला गेला, आणि त्याला कारण मी आहे.

मी संगीत बनवते. म्हणजे ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये कानांना हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसते आणि ढुमढुम करते. (हा शब्द बाबांचा.) माझी दैवतं सगळी थंड देशांतली. त्यांनी कुठल्याशा कारखान्यात जाऊन यंत्रांचे आवाज टिपले, हे वाचून मी भारावून जायचे. आणि इकडे आमच्या वीजकेंद्राची घरघर रेकॉर्डिंगमध्ये शिरते म्हणून वैतागून खिडकी लावून घ्यायचे. पिकतं तिथं विकत नाही, ते असं.

आईला माझा धंदा कधी कळला नाही.

"तू वाजवते काय?"

"मी नाई वाजवत. लॅपटॉप वाजवते."

"मंग तू काय करते?"

"मी आवाज कापते, आई."

"भाजी कापाले बोलावलं तं येत नाई," आई म्हणाली आणि विषय संपला.

तरी एकदा आवाज घुमू नये म्हणून मी तिला गोधड्यांच्या कपाटासमोर बसवून वंदना म्हणायला लावली. विहारातल्या महिला मंडळात तिचाच आवाज पुढे असायचा. छान म्हणत होती. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि माझ्या माईकमध्येच ती सवयीने ओरडली, "चला बापा, जेवाले या! भात थंडा होऊन राह्यला!" ही हाक कॉलनीत प्रसिद्ध होती. असायची बाबांसाठी, पण ऐकून लाईनीतली निम्मी पोरं यायची, आणि आई त्यांनाही वाढायची.

मी ती हाक ठेवली आणि वंदना पुसून टाकली. हाकेला ठेका होता ना! वंदना काय, नंतर कधीही घेता येईल. ते नंतर आलंच नाही. एका सकाळी छातीत दुखतंय म्हणाली, आणि बाबा ड्यूटीवरून घरी येईपर्यंत गेली.

तेव्हापासून बाबा ताटावर बसायचे, भात कालवायचे आणि उठायचे. आत्या गोंडपिपरीहून आली होती. "भाऊ, दोन घास तरी खा," म्हणून ती रोज विनवायची. "भूक नाई, बाई." त्यांच्या कमरेचा पट्टा शेवटच्या भोकावर आला. मला भीती वाटायला लागली की आईपाठोपाठ हेही जातील.

बाबांनी एकच गोष्ट मागितली. "पोरी, तुह्या डब्यात तिची वंदना हाये ना? कार्यक्रमात लाव. मले एकदा तिचा आवाज आयकाचा हाय." डबा म्हणजे लॅपटॉप. पुसली असं सांगायची छाती झाली नाही. मी हो म्हणाले.

मग महिला मंडळाने मिळून म्हटलेली वंदना एका काकूंच्या मोबाईलमधून घेतली. त्या घोळक्यात आईही होतीच, म्हणजे अगदीच फसवणूक नव्हे. फाइलला नाव दिलं 'आई फायनल'. आईच्या हाकेवर केलेल्या माझ्या ढुमढुमीचं नाव होतं 'आई फायनल खरंच'. (आमच्या धंद्यात एका फायनलने कोणाचंच भागत नाही.)

कार्यक्रमाला भन्तेजी आले. फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या. पांढऱ्या कपड्यांतली माणसं हात जोडून बसली. मी डोळे पुसत बटण दाबलं, आणि तिथेच घोटाळा झाला.

आधी वीजकेंद्राची घरघर आली. लोकांना वाटलं, रोजचीच. मग ढुम! आणि मग मांडवभर आई: "चला बापा. चला बापा. चला चला चला बापा. जेवाले या!"

मागच्या रांगेतून पक्यादादा उठला. लहानपणी रोज दुपारी आमच्याकडे जेवणारा हा प्राणी. आता त्याला मिशा आल्या, पोरं झाली, पण पाय जुनेच. त्याच्यामागे त्याच्या वेळची सगळी पोरं उठली. ती उठली म्हणून त्यांच्या आया, आया उठल्या म्हणून पाहुणे. आचाऱ्याला वाटलं, वाढायचा निरोप आला. त्याने पत्रावळी मांडल्या!

"बसा नं बापा," आत्या ओरडली, "वंदना तं होऊ द्या!"

"भात थंडा, थंडा, थंडा होऊन राह्यला," स्पीकरने उत्तर दिलं.

मी धावत भन्तेजींपुढे गेले. "माफ करा भन्तेजी, भलतंच लागलं." त्यांनी घड्याळ पाहिलं. भिक्खूंना दुपारी बाराच्या आत जेवावं लागतं, आणि आमचा कार्यक्रम रीतीप्रमाणे उशिरा सुरू झालेला. "वंदना मंग घेऊ," ते शांतपणे म्हणाले. "बाई बोलावून राह्यली."

फोटोसमोर आता एकटे बाबा उरले होते. ते उठले. नळावर हात धुतले आणि पंगतीत पक्यादादाशेजारी जाऊन बसले. वरणभात कालवला आणि खाल्ला. मग पुन्हा मागितला. रडत होते आणि जेवत होते. वाढता वाढता आत्याही रडत होती. गाणं बंद करायचं मला सुचलंच नाही. ते संपून परत पहिल्यापासून सुरू झालं.

पाहुणे पांगल्यावर मी सांगून टाकलं. "बाबा, वंदना माह्याकडं नाई. मी पुसली."

"वंदना मंडळातल्या बाया म्हनतीन," बाबा म्हणाले. "हे कोन म्हननार होतं?" मग जरा वेळाने, "पन ते ढुमढुम काढ नं त्याच्यातलं."

खूप प्रयत्न केला. निघत नाही. ते आईच्या आवाजात पार मुरलं आहे. म्हणून बाबा रोज ढुमढुमीसकट गाणं लावतात आणि ताटावर बसतात.

परवा इंटरनेटवरच्या एका मासिकाने माझी मुलाखत घेतली. त्यांनी विचारलं, तुमच्यावर प्रभाव कोणाचा? मी थंड देशांतली नावं लिहायला घेतली, आणि खोडून 'आई' लिहिलं. पुढचा प्रश्न होता, तुमचं संगीत ऐकून लोक नाचतात का?

मी खरं तेच लिहिलं: नाचत कोणी नाही. हात धुऊन बसतात.