शून्य मिलिमीटर

इंदुअक्कांची आणि माझी पहिली भेट एका फूटपट्टीवरून झाली. धुळ्याला वैद्यकीय शिक्षण पुरे करून मी तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रुजू झाले, तेव्हा तिथल्या क्षयरोग विभागाचे काम अक्का पाहत असत. पद परिचारिकेचे, पण विभाग त्यांच्याच नावाने ओळखला जाई. पहिल्याच सकाळी एक शेतमजूर बाही वर सारून बाकावर बसला होता. तीन दिवसांपूर्वी त्याच्या हातावर ट्युबरक्युलिनची चाचणी केलेली होती आणि आज ती वाचायची होती. कोपराखाली, आतल्या बाजूला लालबुंद चकता उठला होता. मी पारदर्शक पट्टी लावली, लाली या कडेपासून त्या कडेपर्यंत मोजली आणि मोठ्या अधिकाराने म्हणाले, "बावीस मिलिमीटर. पॉझिटिव्ह."

अक्कांनी नोंदवहीत काहीच लिहिले नाही.

"ताई, आता डोळे मिटा."

"का?"

"मिटा तर खरं."

त्यांनी माझे बोट धरले आणि त्या माणसाच्या हातावरून सावकाश फिरवले. बराच वेळ त्वचा मऊच लागत होती. मग अगदी मध्याजवळ एक घट्ट कडा बोटाला अडली. डोळे उघडून पुन्हा पट्टी लावली, तर ते अंतर भरले सहा मिलिमीटर.

"लाली मोजायची असली तर बाजारात जाऊन मिरच्या मोजा," अक्का शांतपणे म्हणाल्या आणि वहीत सहाचा आकडा लिहिला.

"बाई नवी शे वाटस," बाकावरच्या माणसाने अहिराणीत शेरा मारला. तिघेही हसलो. त्यातले माझे हसू जरा उसने होते.

अक्कांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या वाचकांत वैद्यकाबाहेरचेही अनेक स्नेही आहेत, म्हणून ही चाचणी काय असते ते थोडक्यात सांगते. (थोडक्यात सांगणे मला जमत नाही, हे माझे विद्यार्थी जाणतात.) क्षयाच्या जंतूपासून काढलेल्या प्रथिनांचा अगदी थोडा अंश त्वचेच्या थरातच टोचतात. त्यात जिवंत जंतू मुळीच नसतो. त्या शरीराची आणि त्या जंतूची पूर्वी गाठ पडलेली असेल, तर त्याची ओळख जपणाऱ्या पांढऱ्या पेशी अंगात फिरत असतात. त्या संख्येने थोड्या असतात, म्हणून टोचल्या जागी पोचायला त्यांना वेळ लागतो. पोचल्या की त्या प्रथिनाला ओळखतात आणि रसायने सोडून इतर पेशींना हाका घालतात. मग जंतू गिळणाऱ्या मोठ्या पेशी तिथे गोळा होऊ लागतात, आणि दोन-तीन दिवसांत ती गर्दी बोटाला लागेल इतकी दाट होते. लाली म्हणजे केवळ रक्तवाहिन्या रुंदावल्याची खूण. घट्टपणा म्हणजे प्रत्यक्ष जमलेल्या पेशी! रोगप्रतिकारशक्ती हा शब्द आपण रोज उच्चारतो. पण तिच्यावर असे बोट ठेवता येते, याचे मला आजही नवल वाटते.

अक्का हेच गावकऱ्यांना माझ्या निम्म्या शब्दांत सांगत. "आम्ही चोर आत सोडत नाही, माय. चोराची टोपी तेवढी कुंपणावरून आत टाकतो. ज्या जागल्यानं तो चोर आधी पाहिला असेल, तो ओरडेल. चार माणसं धावून येतील. ती गर्दी शनिवारी आम्ही बोटानं मोजू." मी वर्गात हा विषय गेली अनेक वर्षे शिकवते आहे. आकृत्या माझ्या असतात, जागल्या मात्र अक्कांचाच.

शनिवार असे त्या म्हणत, कारण लोक दवाखान्यात यायचे ते गुरुवारच्या आठवडी बाजाराला जोडून. चाचणी वाचून घेण्यासाठी दोन दिवसांनी मजुरी बुडवून पुन्हा येणे अनेकांना शक्य नसे. मग शनिवारी सकाळच्या एसटीने अक्काच पट्टी आणि बॉलपेन घेऊन गावोगाव जात. तरीही काही माणसे घरी सापडत नसत. एकदा एका नव्या कर्मचाऱ्याने अशा सगळ्यांच्या नावापुढे शून्य लिहून टाकले. एरवी कधी आवाज न चढवणाऱ्या अक्कांनी त्या दिवशी वही त्याच्यापुढे आपटली. "हात पाहिला का तू? मग शून्य कुठून आणलंस? रिकामं ते रिकामं, शून्य ते शून्य." त्यांच्या वहीत न वाचलेल्या चाचणीची जागा कोरीच राहत असे. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल मत द्यायचे नाही, हा त्यांचा बाणा मी तिथे प्रथम पाहिला. पाहिलेल्या शून्याबद्दलही घाईने मत द्यायचे नसते, हे मात्र मला पुढे शिकायचे होते.

ते कसे शिकले, हे आजवर मी कोणाला सांगितलेले नाही. अक्कांनीही सांगितलेले नाही. या ग्रंथाच्या निमित्ताने ते सांगून टाकणे मला माझे कर्तव्य वाटते.

दसऱ्याच्या आसपासचे दिवस होते. डोंगराच्या पायथ्याच्या एका गावाहून एक आई आपल्या पाच-सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. चाचणी वाचण्याचा दिवस होता आणि ती सांगितल्या दिवशी बरोबर हजर झाली होती. मुलीचे हातपाय काटकीसारखे, डोळे मोठे. "पोर काही खास नही, बाई. रातदिन खोकस," आई म्हणाली; म्हणजे पोर काही खात नव्हती आणि रात्रंदिवस खोकत होती. मी मुलीचा हात पाहिला. लाली नव्हती. शिकवल्याप्रमाणे डोळे मिटून बोट फिरवले. कडा नव्हती. टोचल्याचा ठिपकाही जेमतेम दिसत होता.

"शून्य," मी म्हणाले. "क्षय नाही. खोकल्याचे औषध देते. महिन्याने दाखवा."

आईचा चेहरा उजळला. चारची एसटी गाठायची म्हणून तिने मुलीला कडेवर घेतले. पण मुलीचा हात अक्कांच्या हातातच होता आणि अक्कांचे डोळे अजून मिटलेले होते.

"ताई, हे शून्य कोणतं?"

"शून्यालाही प्रकार असतात का, अक्का?" मी थोड्या त्रासिकपणे विचारले.

मला उत्तर न देता त्या आईकडे वळल्या. "पोरले गोवर ऊना व्हता का, माय?"

"ऊना व्हता ना. पोयाना टाईमले. तव्हयपासून अशीच शे."

"घरमा आखो कोन खोकस?"

"आबा खोकतस. त्या ते कवयनाच खोकतस."

म्हणजे पोळ्याच्या सुमारास मुलीला गोवर येऊन गेला होता, आणि घरात तिचे आजोबा कधीपासून खोकत होते. अक्कांनी मुलीचा हात अलगद खाली सोडला. "गोवरानं जागले झोपवलेत, ताई. वर पोटाला काही नाही. टोपी टाकली खरी, पण ओरडणार कोण?"

माझे कान तापले. कारण नेमका हाच प्रश्न मला धुळ्याला परीक्षेत आला होता आणि त्याचे उत्तर मी दोन पाने भरून लिहिले होते. गोवर पांढऱ्या पेशींना दुबळे करतो. उपासमारीत त्या पेशी पुरेशा तयारच होत नाहीत. आणि क्षय साऱ्या अंगभर पसरला, तर शरीर इतके थकते की त्वचेवरच्या त्या लहानशा हाकेला ओ देत नाही. अशा वेळी चाचणी शून्य येते आणि आजार पूर्ण भरात असतो. हे मला पाठ होते. कागदावर ठाऊक असलेली गोष्ट त्या कृश हातावर मात्र मला ओळखता आली नाही. अक्कांनी ते पुस्तक पाहिलेलेही नव्हते. त्यांनी हजारो हात पाहिले होते, आणि ज्यांचे हात गप्प होते त्यांतली काही मुले पुढच्या खेपेला आली नव्हती, हे त्यांच्या लक्षात होते.

"बस चुकू दे आज," अक्का त्या आईला म्हणाल्या. मायलेकी त्यांच्याच खोलीवर राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी चिठ्ठी घेऊन अक्का स्वतः त्यांना धुळ्याला घेऊन गेल्या. क्ष-किरण फोटो आला तो मी आजही विसरलेले नाही. दोन्ही फुप्फुसांवर, कुणी मूठभर बाजरी भिरकावून द्यावी तसे बारीक पांढरे दाणे. अंगभर पसरलेल्या क्षयाचे वैद्यकातले नावही भरडधान्याच्या दाण्यावरूनच पडले आहे. मी सांगितलेला महिना त्या मुलीजवळ नव्हता.

उपचार त्याच दिवशी सुरू झाले. आजोबांच्या थुंकीत जंतू सापडले. त्यांनाही औषधे दिली. काही महिन्यांनी, मुलीच्या अंगावर थोडे मांस दिसू लागल्यावर, धुळ्याच्या बालरोगतज्ज्ञांनी चाचणी पुन्हा करायला सांगितली. अक्का शनिवारी गावी निघाल्या, तेव्हा मीही एसटीत त्यांच्या शेजारी बसले. घराजवळ पोचतो न पोचतो तोच आई धावत आली.

"अक्का, पोरना हात सुजी गया! दवाई उलटी पडनी काय?"

अक्कांनी तो हात पाहिला. डोळे मिटायची गरज नव्हती, तरी मिटले. बॉलपेनने दोन्ही बाजूंनी कडा आखल्या, पट्टी लावली. पंधरा मिलिमीटर. सुजलेल्या हाताकडे पाहून इतका आनंद झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. "नही व माय, उलटी कसानी पडस? बोलनी तुनी पोर! जागी व्हयनी!" असे म्हणत त्यांनी मुलीला उचलूनच घेतले. घाबरलेल्या आईला मग टोपीची गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली.

ती मुलगी आता संसारी बाई आहे, म्हणून तिचे नाव लिहीत नाही. पण पुढची गोष्ट लिहिलीच पाहिजे. जिल्ह्याच्या आढावा बैठकीत धुळ्याच्या त्या तज्ज्ञांनी, शून्य चाचणी असूनही आजार ओळखल्याबद्दल आमच्या दवाखान्याचे कौतुक केले आणि कोणाच्या लक्षात आले म्हणून विचारले. मी उठून उभी राहीपर्यंत मागच्या रांगेतून अक्कांचा आवाज आला, "चिठ्ठी ताईंचीच होती, साहेब." टाळ्या मला मिळाल्या. परतीच्या बसमध्ये मी रडवेली होऊन विचारले, "असे का केलेत?" त्यांनी पिशवीतून शेंगा काढून माझ्या ओंजळीत टाकल्या. "तुम्हाला अजून पुष्कळ हात पाहायचेत. आत्ताच घाबरलात, तर बोटं थरथरतील."

पुढे मी जळगावला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवू लागले आणि अक्का निवृत्त होऊन एरंडोलला आल्या. तेव्हापासून दर वर्षी माझे विद्यार्थी त्यांच्या ओसरीवर जातात. अक्का एका रुमालावर लाल शाईने मोठे वर्तुळ काढून ठेवतात आणि त्याखाली हरभऱ्याच्या डाळीचा एक दाणा लपवतात. "मोजा," म्हणतात. दर वर्षी कोणी ना कोणी लाल वर्तुळ मोजतो, आणि त्याच्या वाट्याला मिरच्या येतात.

या हिवाळ्यात ग्रंथासाठी जुनी छायाचित्रे घ्यायला मी एरंडोलला गेले. अक्का शाल पांघरून बसल्या होत्या. मला ओळखले, चहा घ्या म्हणाल्या, थोड्या वेळाने पुन्हा विचारले, "कधी आलात?" ताटातली भाकरी तशीच होती.

"ताप नाही हो, ताई," त्यांच्या सूनबाई म्हणाल्या. "सकाळपासून तीनदा लावला थर्मामीटर. सत्त्याण्णवच आहे. थंडी आणि वय, दुसरं काय?"

मलाही बरे वाटले. छायाचित्रे पिशवीत भरून मी उठलेसुद्धा. आणि दाराशी तो जुना प्रश्न आठवला. हे शून्य कोणते?

ताप म्हणजे आजार नव्हे. पांढऱ्या पेशी मेंदूला निरोप धाडतात, मेंदू अंगाची उष्णता वाढवतो. ताप हीसुद्धा एक हाकच आहे. उतारवयात ही हाक क्षीण होते. फुप्फुसात संसर्ग पेटलेला असतो आणि थर्मामीटर स्वस्थ असतो. मी परत फिरले, अक्कांच्या पाठीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि सूनबाईंना घड्याळ पाहायला सांगून एक मिनिट श्वास मोजले. बत्तीस! एरवी ते पंधरा-वीस भरतात. तासाभरात आम्ही जळगावच्या वाटेवर होतो. न्यूमोनिया होता, उजव्या बाजूला, खालच्या भागात.

आठवड्यानंतर खाटेवर उशीला टेकून बसलेल्या अक्कांनी चौकशी सुरू केली.

"ताप किती होता मला?"

"नव्हताच."

"मग ओळखलंत कशावरून?"

"डोळे मिटले."

त्या सूनबाईंकडे वळल्या. म्हणाल्या, "अगं, तो लाल वर्तुळाचा रुमाल ताईंना देऊन टाक. इतक्या वर्षांत एक तरी पास झाली."

रुमाल मी घेतला नाही. तो ओसरीवरच हवा, कारण या वर्षीची मुले अजून यायची आहेत.

अक्का, पंच्याहत्तरी ओलांडून आपण शंभरीकडे निवांत चालत राहावे, आपले जागले सदैव सावध असावेत, हे तर आम्हा सर्वांचेच मागणे आहे. माझे एक जास्तीचे मागणे आहे आणि त्याचा अर्थ आपल्याइतका कोणाला कळणार नाही. पुन्हा कधी काही चोरपावलांनी आत शिरलेच, तर आपल्याला चांगला सणसणीत ताप यावा; सूनबाईंनी घाबरून मला फोन करावा; आणि मी पहिल्या गाडीने एरंडोलला पोचावे, तेव्हा आपण डोळे वटारून विचारावे, "आज डोळे मिटायचं काय कारण?"