स्पीकर बंद पडल्यावर

पुण्यात शेजारी देशांच्या मुलींची फुटबॉल स्पर्धा होती. पाणी, टोप्या, थालीपीठं, सगळं यादीप्रमाणे घेऊन मी धाकट्या बहिणीबरोबर भारत-भूतान सामन्याला गेले. भूतानचं राष्ट्रगीत सुरू झालं आणि मध्येच स्पीकर बंद पडला. सामन्याचा क्रमही मी वहीत लिहून आणला होता; त्यात ‘राष्ट्रगीत झालं’ अशी खूण करून मी बसू लागले.

“ताई, बसतेस काय? त्या गातायत अजून!”

खरंच, परक्या मैदानात त्या अकराजणी आपलं गीत अर्धं सोडायला तयार नव्हत्या. भरलेलं स्टेडियम चिडीचूप झालं. शब्द कळत नव्हते, पण आमच्या शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक सूर पोचला. मी खूण खोडली.

मग आपली पाळी आली. स्पीकर पुन्हा खरखरला, तसं मागून कुणीतरी ओरडलं, “राहू दे रे तो! आपलंही आपणच म्हणू!”