‘इतर’ नावाचा फोल्डर

आमच्या भूजल कार्यालयाच्या सगळ्या फायली क्लाउडवर गेल्या आणि प्रत्येक फोल्डरचं वर्णन लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वर्णन नसलेला फोल्डर पुसला जाणार होता. लोकांनी नावं तरी काय द्यावीत! ‘नवीन’, ‘नवीन नवीन’, ‘इतर’. शेवटी वैतागून मी निवृत्त झालेल्या सुलभाताईंना फोन लावला.

“ताई, तुमच्या ‘इतर’मध्ये नुसते विहिरींचे फोटो आहेत. पुसू का?”

“पुसू नकोस गं. त्या सगळ्या बुजवल्यात आता. वर इमारती झाल्या.”

“मग वर्णनात काय लिहू?”

“नावं लिही ना. गोडी विहीर, जांभळीची विहीर, माहेरवाशिणींची…”

वर्णनाची चौकट केव्हाच भरली. ताई सांगतच होत्या, आणि मला त्यांना थांबवता येईना.