सुनेचा कडू घास

लेकानं इटलीतली बायको केली, तवापासून उस्मानपुऱ्यातल्या आशाबाई टीव्हीवर तिकडचे स्वयंपाकाचे कार्यक्रम बघून इटालियन शिकत होत्या. मीठ, पाणी, उकळ, चाख, असले थोडेच शब्द जमले.

लेक तिकडंच अपघातात गेला, मातीही तिकडंच झाली. सोयऱ्यांनी भरवलेला सुतकाचा कडू घास आशाबाईंनी गिळला. डोळ्यात टिपूस नव्हतं.

सुनेचा व्हिडिओ फोन आला. तिकडं ती स्वयंपाकघरात एकटीच बसली होती.

"काय बोलशील गं आशे?" थोरली जाऊ म्हणाली. "तुला तर निस्ती भाजी-आमटीची भाषा येती."

"तिला कडू घास कोण देणार तिथं?" म्हणत आशाबाईंनी सुनेला विचारलं, "मांजातो?" म्हणजे, जेवलीस का.

सुनेनं नाय म्हणून मान हलवली.

"पाणी ठेव. मीठ टाक," आशाबाई तिच्या भाषेत सांगत गेल्या, आणि तिनं पहिला घास गिळेस्तोवर फोन धरून बसल्या.