आकस धरती म्हणे

आकस म्हणजे मनात धरून ठेवलेला राग, असं मुलांच्या पुस्तकात वाचलं आणि मला हसू आलं. आमच्या गुंजवणे गावात हा शब्द इतका सरळ नव्हता. ज्याच्यावर अन्याय व्हायचा त्यालाच तो चिकटवायचे, म्हणजे चुकणारे मोकळे.

मी दहा वर्षांची असताना आमच्या भातलावणीला इर्जिक होती. सारी भावकी आमच्या खाचरात राबली आणि रिवाजाप्रमाणे दुपारचं जेवण आमच्या घरी. तूप वाढायचा मान माझा. वडिलांसमोर मिरवायचं म्हणून पुरुषांच्या पंगतीत मी सढळ हातानं धार धरली. बायकांच्या पंगतीत शेवटी माझी विधवा चुलती बसली होती. तिच्या पानाशी पोचले तेव्हा तुपाची लोटी रिकामी.

तिचं तिकडं लक्षही नव्हतं. माझा तान्हा भाऊ झोळीत किरकिरत होता. ती भात तसाच टाकून उठली, त्याच्या कपाळाला हात लावला आणि मला म्हणाली, "पोरी, अंग लई तापलंय. आईला सांग, म्या फडकं भिजवून आणते."

मी सांगितलं नाही. आई बाहेर आली असती तर ते कोरडं पान दिसून तूप संपल्याचा बोभाटा झाला असता. पण आई बाहेर आली आणि तिला ते टाकलेलं कोरडं पान दिसलंच.

"तुपासाठी पानावरनं उठली? आकस धरती, दुसरं काय!"

संध्याकाळी बाळ तापानं फणफणलं. भरल्या पंगतीतून रागानं उठून हिनं पोराला हात लावला, म्हणूनच ताप भरला, असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. चुलती एवढंच म्हणाली, "पोरीला इचारा." सगळे माझ्याकडं वळले. मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी तिला भोरपलीकडं माहेरी धाडलं. बाळ आठवड्यात बरं झालं, पण तिला परत कुणी आणलं नाही. आणायचं तर आपलं चुकलं म्हणावं लागलं असतं.

अजूनही पंगतीत वाढताना शेवटच्या पानावर मला तीच बसलेली दिसते. भांडं भरलेलं असलं तरी मी दोनदा आत डोकावते.

लग्नानंतर एकदा भोरच्या बाजारात ती समोर आली. वाळून गेली होती. वाटलं, आता चारचौघांत माझी लाज काढेल. काढली असती तर बरं झालं असतं. तिनं माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "पोरी, बाळाचा ताप उतरला व्हता का गं?"