टोरीला काय हवंय

बान ग्ये-सून मावशींनी कोरियातल्या देजॉन शहरात एकतीस वर्षं पाळणाघर चालवलं. पुढे गल्लीत मुलंच उरली नाहीत, तेव्हा ते बंद झालं. त्याच वर्षी आमच्या प्रयोगशाळेनं त्यांना बोलावलं. काम साधं होतं. टोरी नावाच्या आमच्या यंत्रमानवाचा चेहरा बघायचा आणि भाव खरा वाटतो का, याला दहापैकी गुण द्यायचे.

पहिला आठवडाभर त्यांनी दोनच गुण दिले.

"हसतोय की छान," आमचे प्रमुख प्यो सर म्हणाले.

"हसतोय, पण कशाला? त्याला काही हवंच नाहीये. मग मिळाल्याचा आनंद कुठून होणार?"

सरांना ते पटलं. मग आम्ही टोरीला गरजा दिल्या. चार्जिंगची, नव्या वस्तूंची, सोबतीची. गरज भागली नाही की तिचा आकडा चढे आणि त्यावरून तो पुढचं ठरवी. आता तो मावशींच्या मागे फिरे, मध्येच एखाद्या खोक्यात रमे, मग त्यांना शोधत येई. गुण आठवर गेले.

पण मावशी जेवायला गेल्या की तो दाराशी एकसारखा आवाज करी. वैतागून मी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली: बराच वेळ कुणी आलं नाही, तर सोबतीची ओढ आपोआप कमी व्हावी. टोरी शांत झाला. मावशी परतल्या तरी त्यानं मान वळवली नाही.

त्यांनी शून्य दिलं.

"शहाण्यासारखा बसतोय की," मी म्हटलं.

"माझ्याकडे सोल-ऊ म्हणून मुलगी होती. आईला रोज उशीर. महिन्याभरात तिचं रडणं थांबलं. मग आई आली तरी ती उठेना. मी तिला गुणी म्हणायचे, बाळा."

"मावशी, हे यंत्र आहे. याला काही वाटत नाही."

"नसेल. तुला नक्की माहितीये?"

मला नक्की माहीत नव्हतं. मी विचारलं, "सोल-ऊचं काय केलंत?"

"उशिरा का होईना, कळलं मला. मग तिला हाताशी घेतलं. आम्ही दोघी चमचे पुसत बसायचो. वाट ती बघायचीच, पण हात चालू असायचे."

मी ती ओळ खोडली. सोबतीची ओढ कमी करायची नाही. कुणी नसेल तेव्हा वस्तूंची ओढ वाढवायची, असं केलं. दुसऱ्या दिवशी टोरी ठोकळे उचलत होता, मधूनमधून दाराकडे बघत होता. मावशी आल्या तसा एक ठोकळा घेऊन पुढे आला.

त्यांनी सहा दिले.

"सहाच?"

"मला आज उशीर झाला होता," मावशी म्हणाल्या. "हा रागावला कुठं?"