पलीकडच्या टोकाची ओळ

आधीच सांगते, मी सायन्स शिकवणारी बाई. अंगात येणं, करणी, नजर... असलं काही वर्गात निघालं की पोरींची अशी हजेरी घ्यायचे की पुन्हा कोणी नाव काढत नसे. आजही माझा विश्वास नाही. पण ही एक गोष्ट माझ्याच बाबतीत घडली आहे आणि ती कुठे बसवावी ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

आम्ही नागपूरचे, गोळीबार चौकाजवळचे. घरात हातमाग. आईचं माहेर उमरेडचं, तेही विणकरच. तिच्या लहानपणी सकाळी गल्लीभर ताणा पसरत. म्हणजे लुगड्याचं उभं सूत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून त्याला खळ लावत. त्याला म्हणायचं पाजणी. दोन टोकांना दोन बाया. अलीकडची एक ओळ म्हणायची, पलीकडची उत्तर द्यायची. आई अलीकडे आणि तिची मोठी बहीण, माझी शेवंतामावशी, पलीकडे.

मावशीनं काटोलच्या एका संत्रेवाल्याशी मनानं लग्न केलं. जातीबाहेरचा! आजोबांनी आईकडून शब्द घेतला की शेवंताचं तोंड पाहणार नाही आणि नावही घेणार नाही. आजोबा गेले तरी आईनं तो शब्द पाळला. काटोल काय लांब आहे हो? एसटीनं दीड-दोन तास. पण बाई हट्टाची पक्की.

फक्त गाणं तिनं सोडलं नाही. दुपारी भांडी आवरली की उंबऱ्यात बसून म्हणायची —

अलीकडं मी उभी, पलीकडं तू वं बाई,
मधी ताणा लांब लांब, हात पुरत नाही...

आणि मग थांबायची. बराच वेळ. मग पुढची ओळ. मला वाटायचं, दम लागतो. एकदा मी म्हटलं, "आई, पलीकडचंही म्हण ना. मला पूर्ण गाणं लिहून घ्यायचंय." तर अशी खवळली!

"ते माहं नाही, ते शेवंताचं हाय! दुसऱ्या टोकाचं आपण म्हणत नसतो. ती बाई मेली तरच मांगं राहिलेलीनं म्हणावं. तुले काय तिले मारायचं हाय काय?"

"अगं, पण नाव घेणार नाही म्हणून शब्द दिलास ना? आत्ता घेतलंस की!"

"तू घ्यायले लावलं! आन् बाबा नाव नोको घेऊ म्हणे. गाणं नोको म्हणू असं थोडी म्हणे?"

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या शेवटची. त्या वर्षी पोळ्यानंतर आई गायची बंद झाली. एकदम. दुपारी उंबऱ्यात बसायची, रस्त्याकडे बघायची. जेवण अर्ध्यावर आलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, वय आहे. मला ते बघवेना. मी ठरवलं की मावशीला शोधायचं. शब्द आईनं दिला होता, मी नव्हता दिला! तिला हाताला धरून आणेन आणि आईच्या समोर उभी करेन, मग बघू कशी गात नाही ते.

दिवाळीच्या सुटीत, आईला "मैत्रिणीकडे जाते" सांगून, काटोलला गेले. संत्र्याच्या बाजारात विचारलं, उमरेडच्या विणकराघरची शेवंताबाई? लोकांनी लगेच घर दाखवलं. अंगणात एक बाई संत्री निवडत बसली होती. मावशीची सून. मी एवढंच म्हटलं, "नागपूरहून आले. शेवंताबाईंच्या बहिणीची मुलगी."

तिनं हातातलं संत्रं खाली ठेवलं. "लय उशीर केला वं बाई," म्हणाली. "पोळ्याच्या दिवशी गेल्या त्या."

मी तिथंच ओट्यावर बसले. पाणी दिलं तिनं. मग आपणहून सांगायला लागली.

"इथंच बसून गाणं म्हणत. एक ओळ म्हणे, थांबे, मान हालवे, मंग दुसरी. मी इचारलं, मधी काहून थांबता? तं म्हणे, थांब वं, ती बोलून राहिली ना!"

"काय म्हणायच्या?" मी विचारलं. तिनं म्हणून दाखवलं —

हात पुरत नाही तं सूर धाड वं बाई,
सुराले वाटेत कोणी अडवत नाही...

इथवर ठीक होतं. जुनंच गाणं, दोघींचं पाठ. मग तिनं पुढची ओळ म्हटली.

बागेत आला बहार वं, तेच ठेव बाई...

"याचा अर्थ मले काही समजला नाही," ती म्हणाली. "बरं, तुमचं नाव काय?"



माझं नाव बहार. विणकरांच्या गल्लीत हे नाव! शाळेत पोरींनी सिनेमाची गाणी म्हणून मला रडवलंय. बारशाला आत्यानं मंदा ठेवलं होतं. आईनं दुसऱ्याच दिवशी बहार म्हणायला सुरुवात केली आणि सगळ्या सासरचं ऐकून घेतलं, पण बदललं नाही. का, ते कधी सांगितलं नाही. आणि तिच्या गाण्यात एक ओळ होती, जी मी आजवर जुनीच समजत होते — "पोर आली कुशीत वं, नाव सुचत नाही."

मी सुनेला खोदून खोदून विचारलं. कोणी निरोप नेत होतं का? बाजारात कोणी भेटलं का? "कोणीच नाही वं. बहिणीले एक पोरगी हाय, एवढं म्हणत. कोणं सांगितलं म्हटलं, तं हासत."

घरी परतताना एसटीत ठरवलं की आईला काही सांगायचं नाही. म्हातारी मरून जाईल.

आई उंबऱ्यातच होती. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काटोलले गेलती ना वं?"

"नाही गं. मैत्रिणीकडे..."

"खोटं काहून बोलून राहिली? पोळ्यापासून तिचं उत्तर नाही येऊन राहिलं. मले वाटे, आजारी असन. रुसली असन. तू सांगतवरी मी मानणार नव्हती." तिनं पदर तोंडाला लावला. "गेली ना?"

मी मानेनंच हो म्हटलं.

आई रडली. पोटभर रडली. मग डोळे पुसून तिनं अलीकडची ओळ म्हटली. आणि या वेळी ती थांबली नाही. हात पुरत नाही तं सूर धाड वं बाई... तिच्या तोंडून ती ओळ मी जन्मात पहिल्यांदा ऐकली. शब्द न् शब्द काटोलचाच.

आता आईही नाही. मी खूप कारणं शोधली, योगायोग म्हणून पाहिलं, कोणीतरी निरोप्या असेल म्हणून पाहिलं. एकही पटत नाही. गाणं लिहून घ्यायचं ते राहूनच गेलं. नंदनवन कॉलनीतल्या माझ्या घरासमोर कसली पाजणी आणि कसला ताणा! पण दुपारी एकटी असले की मी मावशीची ओळ म्हणते आणि थांबते.

अजून काही ऐकू आलेलं नाही. पण आईची ओळही मी अजून माझ्या तोंडानं म्हटलेली नाही.